मराठी वाङ्मयातील विसावा

नाट्याचे प्रयोजन सांगताना भरताने ज्यांची आठवण ठेवली, त्यांत श्रमाने थकलेला मनुष्यही आहे. दुःखाने पिडलेले, श्रमाने थकलेले, शोकाने व्याकुळ झालेले आणि तप करणारे, या सर्वांना नाट्य योग्य वेळी विश्रांती देईल, असा नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील त्या प्रसिद्ध श्लोकाचा आशय आहे. पुढे अभिनवगुप्तांच्या हाती हाच शब्द अधिक सूक्ष्म झाला. रसास्वादात संवित् स्वतःच्या ठायी स्थिरावते, तिला अन्य कशाची अपेक्षा उरत नाही. त्या अवस्थेला ते विश्रांती म्हणतात. मराठी समीक्षेने हा शब्द घेतला तो या दुसऱ्या अर्थाने, आणि ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ (१९५८) या ग्रंथानंतर तर तो आमच्या महाविद्यालयांच्या वर्गांतून चांगलाच रुळला. शब्द असा वर चढला याचे आम्हांस वाईट वाटत नाही. परंतु चढताना त्याने भरताच्या श्रमार्ताला खालीच सोडले, आणि तो खाली राहिला आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, याचे मात्र वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही त्या खाली राहिलेल्या मनुष्याच्या बाजूने मराठी वाङ्मयाकडे पाहू इच्छितो. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. काम थांबवून घेतलेला विसावा हा कधीच एकट्याचा नसतो. तो घेतला जात असताना ओझे कोणीतरी धरलेले असते, किंवा कोठेतरी टेकवलेले असते. ज्या वाङ्मयाने हे दुसरे खांदे पाहिले, त्याला विसाव्याचे मोल कळले. ज्याने पाहिले नाहीत, त्याने फुरसतीचे गोडवे गायिले. ते गोडवे पुष्कळदा सुरेखही आहेत, पण विसाव्याशी त्यांचा संबंध नाही.

पुस्तकांकडे वळण्यापूर्वी इंदूरच्या सियागंजाकडे पाहणे उपयोगी पडेल, कारण ओझे आणि विसावा यांचा संबंध तेथे उघड्यावर दिसतो. रेल्वेस्थानकाला लागून असलेली ही माळव्यातील मोठी घाऊक पेठ. साखर, खोबरे, हळद, साबुदाणा, जिरे, सुकामेवा, असा अवघा किराणा येथे गोण्यांनी येतो आणि गोण्यांनी जातो. इंदुरातील मराठी कुटुंबे वर्षाच्या सामानासाठी येथेच येत असत. इंदुरात मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा भरले. आगगाडीने आलेली संमेलनाची मंडळी बहुधा याच पेठेच्या कडेने शहरात शिरली असतील. त्यांच्यापैकी कोणी तेथील हमालाकडे वळून पाहिले की नाही, हे आपापल्या वाचनावरून वाचकांनीच ठरवावे.

हमालाच्या कामाची एक खूण येथे सांगितली पाहिजे. जड गोणी हमाल स्वतःच्या पाठीवर स्वतः घेऊ शकत नाही. दोघे तिला उचलतात, तिसरा पाठ वाकवून खाली शिरतो, आणि मग ती तोल साधून बसते. म्हणजे एकदा निघाल्यावर वाटेत दम खावासा वाटला, तरी त्याला गोणी खाली टाकता येत नाही. टाकली तर पुन्हा उचलून देणारे दोन हात तेथे नसतात. त्याचा विसावा वाटेच्या दोन टोकांनाच. मजुरी नगावर, आणि काम टोळीचे. एकाने घटकाभर अंग टाकले तर त्याच्या वाटच्या गोण्या बाकीच्यांच्या पाठीवर जातात, आणि न गेल्या तर सर्वांचीच मजुरी बुडते. दुपारी ट्रकांची ये-जा मंदावली की ही माणसे जी गोणी वाहून आणली तिच्यावरच टेकतात, चहाचा अर्धा ग्लास हाती घेतात. बसलेल्यांत बोलणे थोडेच असते. पेढीच्या आत गादीवर मुनीमजी खातेवही मिटून तक्क्याला रेलतात. दोघेही थांबलेलेच, पण दोघांच्या थांबण्याला एकच शब्द लावावा काय?

मराठी भाषेने तो लावलेला नाही, हे तिचे शहाणपण. सवड आणि फुरसत या शब्दांत वेळ आपल्या मालकीचा आहे असे गृहीत असते. रजा हा अरबी शब्द मुळात संमतीचा. म्हणून ती मागावी लागते आणि कोणीतरी द्यावी लागते. सुट्टी घंटेने होते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या आयुष्याची मोजणी तर मधल्या सुट्टीनेच झालेली असेल. उसंत हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण तो बहुतेक वेळा नकाराबरोबरच येतो. ‘उसंत नाही’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. ‘मला उसंत आहे’ असे म्हणणारा मनुष्य आमच्या तरी ऐकण्यात नाही. उरला विसावा. हा संस्कृत विश्रामाचाच वंशज. पण ‘विश्राम’ शब्द कवाईतीत आणि शिष्टाचारात गेला, आणि ‘विसावा’ रस्त्यावर राहिला.

तो कोणत्या रस्त्यांवर राहिला ते पाहावे. पंढरीच्या वाटेवर पालखी जेथे रात्र काढते तो मुक्काम, आणि जेथे थोडा वेळ थांबून पुढे निघते तो विसावा. वारकरी हा भेद कधी चुकवीत नाहीत. प्रेतयात्रेत तिरडी वाटेत जेथे खाली ठेवतात आणि उचलणारे जागा बदलतात, त्या ठिकाणालाही विसावाच म्हणतात. डोक्यावरचा भारा उतरवून टेकण्याचा जो पार किंवा जो दगड, तोही विसाव्याचा. पालखी, तिरडी आणि भारा, तिन्हींत समान काय असेल तर खांद्या-डोक्यावरचे ओझे, आणि ते पुन्हा उचलावयाचे आहे ही जाणीव. खांदेपालट हा शब्द हल्ली मंत्रिमंडळाच्या बातम्यांतच भेटतो, पण त्याचे मूळ येथलेच आहे. एवंच, विसावा हा शब्द मनाचा होण्यापूर्वी खांद्याचा होता.

आता आधुनिक मराठी ललित गद्याकडे येऊ. फुरसतीला वाङ्मयप्रकाराचा दर्जा देण्याचे श्रेय लघुनिबंधाकडे जाते. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ (१९३३), अनंत काणेकर यांचे ‘पिकली पाने’ (१९३४) आणि वि. स. खांडेकर यांच्या ‘वायुलहरी’ (१९३६) या संग्रहांनी तीन-चार वर्षांच्या आत हा प्रकार मराठीत स्थिर केला. प्रवचनाची बैठक मोडून वाचकाशी बरोबरीच्या नात्याने बोलणारे हे गद्य होते, आणि मराठी वाक्याला त्याने जी लवचीकता दिली तिचा लाभ पुढील प्रत्येक पिढीने घेतला. हे ऋण आम्ही मनापासून मान्य करतो. या प्रकारातील ‘मी’ रमतगमत चालतो, खिडकीशी बसतो, एखाद्या क्षुल्लक वस्तूवरून विचारांचा धागा सोडतो आणि गुंडाळतो. पण हा वेळ त्याला कोठून मिळाला, हे तो सहसा सांगत नाही. खिडकीशी बसलेल्याच्या हाती आलेला चहा कोणी केला? संध्याकाळी तो टेकडीवर फिरावयास गेला तेव्हा घरात कोण राबत होते? हे प्रश्न त्या लेखनात उठतच नाहीत, आणि उठू नयेत याची काळजी शैलीच घेते. शैलीचा हलकेपणा म्हणून जो गुण आपण शिकवितो, त्याचा एक भाग ओझे दृष्टीआड ठेवण्याचा आहे.

येथे कोणी म्हणेल की लघुनिबंधाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे मोगऱ्याकडे फळे मागणे होय. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु याच वाङ्मयाने, आणि त्याच्या सावलीत वाढलेल्या शालेय निबंधाने, विश्रांतीविषयी एक सूत्र रूढ केले: कामातला पालट हीच खरी विश्रांती. वर्गावर्गांतून हे वाक्य फळ्यावर लिहिले गेले आहे. बैठे काम करणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही असेल; लिहून थकलेल्याने बागेत पाणी घातले तर त्याला बरे वाटते. साखरेची गोणी उतरवून हळदीची गोणी उचलणाऱ्याला हे सूत्र सांगून पाहावे! ज्यांचे काम पालटत नाही त्यांना थांबण्यावाचून दुसरी विश्रांती नाही, एवढी साधी गोष्ट त्या सूत्राच्या गोडव्यात हरवली.

विनोबांचा विचार याहून फार खोल, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या ‘गीताप्रवचनां’त कर्माला विकर्माची म्हणजे चित्ताच्या सहभागाची जोड मिळाली की कर्माचे अकर्म होते, त्याचा भार जाणवत नाही, असे विवेचन आहे. स्वतः होऊन उचललेल्या कामाविषयी हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या कामाची निवडच मनुष्याच्या हाती नव्हती, त्याचा भार केवळ चित्ताच्या जोरावर हलका व्हावा असे सांगण्याचा अधिकार ते काम करणाऱ्यालाच आहे, इतरांना नाही. विनोबा स्वतः दळत, कातत, खणत. त्यांच्या तोंडी ते शोभले. त्यांच्या वचनांचे सुविचार करून भिंतीवर लावणाऱ्यांविषयी असे म्हणता येणार नाही.

ज्यांनी ते काम केले त्यांनी काय म्हटले, हे पाहण्याची सोय मराठीत सुदैवाने आहे. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. या प्रसंगांकडे आपण भक्तीची थोरवी म्हणून पाहतो, आणि तशी ती आहेच. पण दासीच्या कल्पनेतली विश्रांती कशी आहे ते पाहावे. काम संपून ती निजली, असे चित्र ती रंगवीत नाही. जात्याच्या खुंट्यावर दुसरा हात आला, एवढेच मागते. जाते फिरतच राहते. जात्यावर बसलेल्या बाईला दुसऱ्या हाताचा अर्थ काय, हे ज्याने एकट्याने दळून पाहिले असेल त्याला सांगावयास नको. देव कशासाठी हवा, याचे इतके शारीर उत्तर आमच्या सबंध संतवाङ्मयात विरळा.

जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केल्या, पुढे हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी तेच काम कितीतरी विस्ताराने केले, आणि त्या संग्रहातील ओव्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. या ओव्यांत विश्रांतीचे नाव फारसे येत नाही. येते ते माहेराचे. सासुरवाशिणीची रजा, सुट्टी, विसावा, जे काही म्हणावे ते माहेर. भाऊ न्यावयास येणे, वाट, वेशीवर दिसणारी आई, चार दिवस आणि परतणे. ओवी या चार दिवसांभोवती फिरत राहते. माहेर हे स्थळ आहे असे आपण समजतो, पण ओवीत ते बहुधा काळाचे नाव आहे.

आणि येथेच बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आपल्या सर्व सुशिक्षित लेखकांच्या पुढे जातात. असोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. त्यांच्या माहेरावरील गाण्याचा शेवट सर्वांना पाठ आहे. तो येथे उद्धृत करण्याची जरुरी नाही. मुलीला विसाव्याला माहेर असावे म्हणून तिच्या आईने आपल्या सासरी राबत राहिले पाहिजे, असा त्याचा आशय. शाळेत आपण तो मातृप्रेमाचा उद्गार म्हणून शिकवितो. आमच्या मते तो त्याहून अधिक आहे. एकीचे चार दिवसांचे थांबणे दुसरीच्या जन्मभर न थांबण्यावर उभे असते, हा व्यवहार बहिणाबाईंनी पाहिला. त्याला नाव दिले, पण तक्रारीचा सूर लावला नाही आणि त्याचा गौरवही केला नाही. खिडकीशी बसलेल्या निबंधकाराला जे अर्धशतकात दिसले नाही ते घरोटावर बसलेल्या बाईला दिसले. हे केवळ प्रतिभेचे अंतर आहे असे आम्हांस वाटत नाही. कोण कोठे बसले होते, हाही त्यात भाग आहे.

सुशिक्षितांपैकी एका लेखिकेने मात्र विसाव्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा वारीवरील लेख त्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्या दिंडीबरोबर चालल्या. चालताना सर्व एक होते, भजन एक होते, पाऊल एक होते. परंतु थांबले, जेवणाची वेळ झाली, की एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे बसत, आणि हा भेद इरावतीबाईंना सलत राहिला. वारीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन पालखीबरोबर चालते आणि विसाव्याशी डोळे मिटते. इरावतीबाईंनी नेमके उलट केले. चालण्याने जे झाकले जाते ते थांबण्याने उघडे पडते, हे त्यांच्या समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने टिपले. आणि लेखाची खरी ताकद अशी की हे टिपताना त्यांचे वारीवरचे प्रेम कमी झाले नाही. सियागंजातही दुपारच्या वेळी कोण कोणाच्या शेजारी बसते, कोण ग्लासातून चहा पितो आणि कोण कागदी पेल्यातून, हे पाहणारा लेखक असता तर त्याला इरावतीबाईंचा लेख उपयोगी पडला असता.

ओव्या आणि वारी यांतून गिरणीकडे येताना विसाव्याचे रूप बदलते. येथे ओझे यंत्राच्या गतीवर असते, आणि यंत्राला माहेर नसते. या ठिकाणी मराठी गद्याचा एक तुकडा आमच्या वाङ्मयेतिहासाच्या बाहेर पडून राहिला आहे. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांचे नाव ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि फुल्यांचे सहकारी म्हणून येते आणि लेखक त्यावरून पुढे सरकतो. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या मोजक्या होत्या: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. सहा वर्षे हा प्रश्न लोंबकळला. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीबरोबर मध्यान्हीचा अर्धा तासही मान्य केला. रविवारच्या समर्थनार्थ लोखंडे यांनी तो खंडोबाचा वार आहे असाही दाखला दिला, असे सांगतात. इंग्रजांचा विश्रांतीचा वार म्हणून नव्हे तर जेजुरीच्या देवाचा वार म्हणून तो मागावा, यात चातुर्य आहे, आणि भाषेची जाणही आहे.

आज आपण सर्व रविवार उपभोगतो. मराठी लेखकांच्या रविवारच्या आळसावरचे लेख गोळा केले तर एक जाड ग्रंथ होईल. पण त्या साडेपाच हजार सह्यांवर एखादी कादंबरी, निदान एखादा चांगला लेख, नवी पिढी कोणत्या पाठ्यपुस्तकात वाचते? मागणीपत्राला वाङ्मय म्हणावे की नाही याचा वाद घालण्यास आम्ही तयार आहोत. विश्रांती हे बक्षीस नसून हक्क आहे, ही कल्पना मराठी गद्यात रुजविणाऱ्या लेखनात त्याची गणना व्हावी, एवढे तरी मान्य व्हावयास हरकत नसावी.

गिरणगावातून पुढे जी कविता आली तिच्याकडूनही आमची थोडी निराशा होते, हे भीतभीतच म्हणतो. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी मराठी कवितेला कामगाराचा आवाज दिला, याविषयी दुमत नाही. परंतु त्या कवितेत कामगार काम करतो, झगडतो, भुकेला राहतो, मोर्चात जातो. तो बसलेला क्वचितच दिसतो. ‘दोन दिवस’ या गाजलेल्या कवितेतला आयुष्याचा हिशेब वाट पाहण्यात आणि दुःखात गेलेल्या दिवसांचा आहे. त्यात सुट्टीचा रकाना नाही. हिशेब खरा आहे, म्हणूनच तो टोचतो. तथापि चळवळीच्या वाङ्मयाला थकलेला कामगार चालतो आणि विसावलेला चालत नाही, असा एक अलिखित नियम होऊन बसला आहे की काय, अशी शंका येते. बसलेल्या मनुष्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते उभ्या मुठीत दिसत नाही.

गद्यात अनिल अवचट यांनी हमाल आणि विडी-कामगार यांच्यावर जे लिहिले त्यात ही उणीव बरीच भरून निघते, कारण ते त्यांच्याजवळ जाऊन बसले. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती याच विषयातील एक समीक्षा आहे असे आम्ही म्हणतो. थांबलेल्या हमालाला टेकण्यास जागा आणि परवडेल असे अन्न हवे, या दोन गोष्टी नसतील तर विश्रांतीचा उपदेश पोकळ. हे लेख लिहून सांगण्याऐवजी त्यांनी चूल पेटवून सांगितले. १९६९ च्या महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्यालाही नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा यांच्या कक्षेत आणण्याचा मार्ग उघडला. पण राज्याची सीमा ओलांडली की कायदा थांबतो. गोणीचे वजन मात्र दोन्हींकडे सारखेच.

विसाव्याची भलावण करावयाची झाली की माळव्यात एक उदाहरण हटकून पुढे येते. कुमार गंधर्व १९४८ च्या आरंभी क्षयाच्या आजारात देवासला आले. गाणे बंद झाले. सुमारे पाच वर्षे ते अंथरुणावरून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले, आणि पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांचे गाणे वेगळे होते. ‘अनूपरागविलास’ (१९६५) हा त्या ऐकण्याचाही ग्रंथ होय. कथा खरी आहे, आणि आम्हां इंदूर-देवासच्या मंडळींना तिचा अभिमानही आहे. परंतु तिचा जो उपयोग केला जातो तो आम्हांस पटत नाही. थांबा, म्हणजे थांबण्यातून मोठे काही निपजेल, असा तिचा बोध काढतात. आजार हा विसावा नव्हे. शिवाय विसाव्याचे मोल त्याच्या फळावर ठरवावयाचे, तर ज्याच्या थांबण्यातून नवा राग निपजणार नाही त्याचे थांबणे फुकटच गेले म्हणावे लागेल. दहा मिनिटे गोणीवर बसून उठलेला हमाल पुढची गोणी अधिक वेगाने उचलतो म्हणून त्याने बसावे, हा हिशेब मालकाचा आहे. समीक्षकाने तो उसना घेऊ नये. या कथेतील एक पात्र तर नेहमी कडेला राहते. त्या वर्षांत भानुमतीबाईंनी कुमारांची शुश्रूषा केली, आणि शाळेत नोकरी करून घर चालविले. बहिणाबाईंना ही गोष्ट कोणी सांगितली असती तर त्यांनी ती कोणाच्या बाजूने ऐकली असती, याविषयी आम्हांस शंका नाही.

छंदःशास्त्र शिकविणाऱ्या वाचकांना आम्ही एका गोष्टीची आठवण करून देतो. शिखरिणीत सहाव्या अक्षरावर यती असतो, मंदाक्रांतेत चवथ्या आणि दहाव्या. यती वृत्ताच्या बाहेरचा नसतो; तो मोडला की ओळ सदोष ठरते, आणि यतिभंगाला आपण गुण कापतो. तालातही खाली ही मात्रांच्या मोजणीतच असते, तिच्यावर टाळी पडत नाही एवढेच. कामाच्या दिवसाला मात्र आपण यतिहीन गद्य समजतो आणि त्याचे कौतुक करतो.

विसावा आणि रिकामपण यांतील भेद अखेर कामानेच ठरतो. १९८२ च्या गिरणी-संपानंतर लालबाग-परळमध्ये जी माणसे घरी बसली त्यांच्या बसण्याला विसावा म्हणणे क्रूरपणाचे होईल. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात खोली भरलेली आहे, सर्वजण घरात आहेत, आणि कोणालाही उसंत नाही. रिकाम्या माणसाला विश्रांती मिळत नाही, हे त्या नाटकाने जितके दाखविले तितके दुसऱ्या कोणत्या मराठी कृतीने दाखविले असेल असे वाटत नाही. इंदुरातही तेच घडले. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, आणि तेथील कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न २०२३ पर्यंत लांबला. बत्तीस वर्षे त्यांना काम नव्हते आणि सुट्टीही नव्हती.

या मिलांचे कामगार गणेशोत्सवाच्या दिवसांत कामाचे तास संपल्यावर झांक्या रचीत: लाकडाचे सांगाडे, पुठ्ठ्याच्या मूर्ती, फिरणारी चाके, विजेचे दिवे. अनंत चतुर्दशीच्या रात्री त्या एकामागून एक शहरातून निघत आणि इंदूर पहाटेपर्यंत रस्त्यावर उभे राही. बारा महिने दुसऱ्याचे कापड विणणारे हात तेवढे काही दिवस स्वतःच्या मर्जीने राबत, आणि तो त्यांचा विसावा होता. मिला मिटल्या. झांक्यांची मिरवणूक अजून निघते, वर्गणीवर आणि मदतीवर. आणि तीत प्रत्येक झांकी अजूनही त्या त्या मिलच्या नावानेच ओळखली जाते: हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी.